तट्ट्यापलीकडचा नववीचा वर्ग

मार्च लागला की आमच्या गावच्या रस्त्यावर दोन गोष्टी एकदमच दिसायला लागतात. द्राक्षाचे क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या आणि परीक्षेला निघालेली मुलं. दोन्ही जपून न्यावी लागतात आणि दोन्हींच्या मालकांचे चेहरे त्या दिवसांत सारखेच दिसतात. सकाळी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. सायखेड्याकडून येणारी मुलं सायकली हातात धरून, एकमेकांना शेवटचे प्रश्न विचारत समोरून जातात.

"ए, परतीचा मान्सून कधी रे?"

"येड्या, आज इतिहास हे!"

मग दोघंही घाबरून गप्प. मला हसू येतं आणि नेमका तेव्हाच, दरवर्षी न चुकता, नाकात कांद्याचा वास येतो. सूनबाईला मी हे एकदा सांगितलं, तर ती स्वयंपाकघरात डोकावून आली आणि म्हणाली, "नाना, आज कांदा चिरलेलाच नाही. एकादशी आहे."

तिला काय सांगणार? माझ्यासाठी परीक्षेचा वास तोच. आमचं हायस्कूल कांद्याच्या चाळीत सुरू झालं.

शाळेची आजची दुमजली इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे खरं वाटत नाही. तेव्हा गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढे शिकायचं तर निफाड नाहीतर नाशिक गाठावं लागे. गावातल्या चार जाणत्या माणसांनी कमिटी केली, कुठून तरी एक हेडमास्तर मिळवले आणि जागा कुठली, तर एका आडत्या शेठजींची कांदाचाळ. लांबलचक, अरुंद, वर कौलं. भिंती म्हणजे बांबूच्या उभ्या कामट्या आणि दोन कामट्यांमध्ये बोटभर फट, कांद्याला वारा लागावा म्हणून. कांद्याला लागणारा वारा आम्हालाही लागे. सकाळच्या उन्हाचे पट्टे वह्यांवर पडत आणि शाळा सुटेपर्यंत एका मुलाच्या वहीवरून दुसऱ्याच्या वहीवर सरकत जात. घड्याळ फक्त हेडमास्तरांच्या मनगटावर होतं, पण पट्टा गण्याच्या पाठीवर चढला की मधली सुट्टी जवळ आली हे आम्हाला कळे. जमीन कितीही झाडली तरी कोपऱ्यांतून कांद्याची लाल टरफलं निघत. वारा सुटला की ती वर्गभर उडत आणि कुणाच्या तरी केसांत जाऊन बसत. ज्याच्या केसांत बसत त्याला त्या दिवशी प्रश्न विचारला जाणार, असा आमचा ठाम समज होता.

पण चाळ आम्हाला वर्षभर मिळत नसे. जूनमध्ये शाळा भरली की दिवाळीपर्यंत तिच्यात कांदा असे आणि आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. दिवाळीनंतर कांदा विकला गेला की आम्हीच बाकं डोक्यावर घेऊन चाळीत जायचो. होळीच्या सुमाराला उन्हाळी कांदा तयार व्हायला लागे. तयार झालेल्या कांद्याची पात मानेशी मोडून आडवी पडते. एके दिवशी शेठजी हात मागे बांधून चाळीच्या दारात उभे राहत आणि खालच्या आवाजात म्हणत, "मास्तर, मळ्यात माना पडाया लागल्या."

हेडमास्तर पंचांगाकडे बघत नसत, की शिक्षण खात्याच्या कागदाकडे. माना पडल्या म्हणजे वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर चढलंच. कांदा यायच्या आत परीक्षा उरकायची, हा आमच्या शाळेचा पहिला नियम. घरोघरी आया मळ्यातून आल्या की मुलांना सांगत, "अभ्यास कर रे बाबा, वरच्या वाफ्यातल्या निम्म्या माना पडल्यात." असं भय दुसऱ्या कुठल्या शाळेच्या मुलांनी अनुभवलं असेल का, याचं मला अजून कुतूहल आहे.

त्या एका मोसमाबद्दल लिहायचं आहे. मी आठवीत होतो. शाळा तिसऱ्या वर्षात होती, म्हणजे आठवी, नववी, दहावी असे तीन वर्ग. लांब चाळीत दोन ठिकाणी बांबूचे तट्टे उभे केले की तीन वर्ग तयार. आठवीला हेडमास्तर स्वतः गणित शिकवत. तट्ट्याच्या पलीकडे त्याच वेळी नववीला भूगोल असे आणि तो शिकवत देवरे बाई.

देवरे बाई बागलाणातल्या. मोसम नदीच्या काठी त्यांच्या घरचा मळा होता आणि लहानपणापासून या तीरावरून त्या तीरावर हाका मारायची सवय, असं त्या स्वतःच नववीला सांगताना आम्ही ऐकलं होतं. अंगाने काडी, उंचीला आमच्याएवढ्या, वय असेल बावीस-तेवीस. आवाज मात्र असा की दहावीलासुद्धा, म्हणजे दोन तट्टे ओलांडून, शब्द न शब्द कळावा. बोलता बोलता त्यांची अहिराणी मध्येच डोकं वर काढी. "हाई काय शे?" असं त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं की पलीकडे नववी आणि अलीकडे आम्ही, सगळेच मनात उत्तर देत असू.

मी त्यांना शिकवताना कधीही पाहिलं नाही. पाहिलं ते रस्त्यावर, एसटीतून उतरताना, मान खाली घालून चालताना. रस्त्यावरच्या त्या बाई आणि तट्ट्यापलीकडच्या बाई एकच, हे मनाला पटायला वेळ लागे. माणूस नुसता कानाने ओळखला तर तो वेगळाच माणूस होतो का? आता डोळे अधू झाले आहेत, तेव्हा हा प्रश्न मला पुन्हा पडायला लागला आहे.

त्यांचा एक धडा सांगतो. घाटावर पाऊस कमी का पडतो, हा विषय. बाई म्हणाल्या, "ढग म्हणजे कोकणातून बाजार करून निघालेला पाहुणा. भरली पिशवी घेऊन घाट चढतो. इगतपुरीला येईस्तोवर त्याचे हात भरून येतात. निम्मी पिशवी तिथंच ओततो. नाशिकला मामा राहतो, त्याला चार पसे पाणी देतो. आपल्याकडे येतो तेव्हा तळाला थोडं उरलेलं. आणि मनमाडला पोचला की पिशवी उलटी करून झटकतो आणि म्हणतो, बघा बुवा, काही नाही राहिलं. वर तिथंच चहा पितो!"

नववी हसली. त्यांच्याबरोबर आख्खी आठवीही हसली.

हेडमास्तर आमच्याकडे पाठ करून फळ्यावर चक्रवाढ व्याजाचं गणित मांडत होते. ते वळले. आम्ही तोंडं मिटली, पण हसू नाकातून बाहेर येत होतं. त्यांनी आधी आपल्या धोतराकडे पाहिलं, मग कोटाच्या पाठीमागे हात फिरवून पाहिला. कुणी काही चिकटवलं असेल असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी तट्ट्याकडे पाहिलं. पलीकडे बाई सांगत होत्या, "...म्हणून मनमाडला पाण्याची बोंब." हेडमास्तर फळ्याकडे वळले. खडू मात्र मोडला.

त्या माणसाबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. ते नसते तर शाळा नसती. दारोदार फिरून त्यांनी मुलं गोळा केली, माझ्या वडिलांना तर तीनदा येऊन भेटले. स्वतःची बायकामुलं दूर ठेवून एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवून खाल्ला. पण त्यांना गणित रंगवून शिकवता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि पलीकडे एक पोरसवदा बाई रोज, नुसत्या तोंडाने, त्यांचा वर्ग घेऊन जात होती. हे त्यांना किती बोचत असेल ते मला फार पुढे, मी स्वतः शिक्षक झाल्यावर कळलं. शेजारच्या वर्गातून हसण्याचा आवाज येणं यासारखं दुःख शिक्षकाला दुसरं नाही.

वार्षिक परीक्षेआधीच्या चाचणीत मी गणितात नापास झालो. साधासुधा नाही, वाईट. माझे वडील शेठजींच्या आडतीवर मापाडी होते. शब्द कमी, हात लवकर. "येवढं मास्तर घरी येऊन सांगून गेले म्हनून घातला शाळेत. नायतर पाट्या उचलाया काय वाईट व्हतं?" असं ते आदल्याच दिवशी म्हणाले होते. पुन्हा नापास झालास तर होळीनंतर आडतीवर यायचं, हे ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हेडमास्तरांनी मला उभं केलं. "लक्ष कुठे असतं तुझं?"

खरं उत्तर सोपं होतं. सर, माझं लक्ष नववीच्या भूगोलात असतं. मला घाटावरचा पाऊस येतो, काळी माती येते, खैबरखिंड येते. व्याज येत नाही. हे बोललो असतो तर कदाचित मार बसला असता, कदाचित ते हसलेही असते.

मी म्हणालो, "सर, पलीकडून बाईंचा आवाज येतो. काही ऐकूच येत नाही."

मग मागून गण्या म्हणाला, "हो सर, लय आवाज येतो." आणि मग सात-आठ जणांनी री ओढली. त्यांचीही गणितं चुकली होतीच.

हेडमास्तर मला म्हणाले, "बस खाली." त्या दोन शब्दांत त्यांना किती बरं वाटलं होतं, ते मला तेव्हाही जाणवलं.

त्यानंतरचे दिवस चमत्कारिक होते. बाई हळू शिकवू लागल्या. इतकं हळू की पहिल्या बाकावरच्यांनाच जेमतेम ऐकू यावं. आणि आमचा वर्ग? आमचा वर्ग कधी नव्हे इतका शांत झाला. कुणी पाटीवर पेन्सिलसुद्धा करकरवेना. हेडमास्तरांना वाटलं, अडथळा गेला, मुलं गणितात रमली. खरं तर आम्ही सगळे श्वास धरून पलीकडचं ऐकायचा प्रयत्न करत होतो. पण शब्द येत नव्हते. नुसतं काहीतरी पुटपुटल्यासारखं येई, मग खडूचा आवाज, मग काहीच नाही. नववी हसणंही विसरली.

गणितात मी वार्षिकला काठावर पास झालो. वडिलांच्या भीतीने झालो, शांततेने नाही. शेवटचा पेपर संपला त्या दिवशी चाळीच्या दारात कांद्याच्या बैलगाड्या येऊन थांबल्याच होत्या. एका दाराने बाकं बाहेर, दुसऱ्या दाराने कांदा आत. त्याच रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, "ती देवरे बाई पुढल्या साली नाय. कमिटीनं काढली. पोरांची तक्रार व्हती म्हने."

"कोनाच्या पोरांची?" आईनं विचारलं.

"मला काय ठाव."

मी भाकरी मोडत राहिलो.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाईंचं लग्न झालं. हे कुठून आलं कुणास ठाऊक, पण सगळ्यांना पटलं. तरुण बाई शाळेतून दिसेनाशी झाली तर तिचं लग्नच झालं असणार. दुसरं कारण शोधायला कुणी गेलं नाही. आणि ज्याला दुसरं कारण माहीत होतं तो नववीत, आधी देवळाच्या सभामंडपात आणि दिवाळीनंतर त्याच तट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, गप्प बसला होता.

शाळेला पुढे दगडी इमारत झाली. भिंती आल्या. मी बी.ए. होऊन त्याच शाळेत लागलो आणि विषय घेतला भूगोल. तो मी कुठे शिकलो, हे कुणी विचारलं नाही. घाटावरच्या पावसाचा धडा आला की मी ढगाच्या हातात पिशवी द्यायचो. इगतपुरी, नाशिक, मनमाड. वर्ग दरवर्षी हसायचा. "सरांची पिशवी" म्हणून तो धडा गावात प्रसिद्ध झाला. मनमाडला रेल्वेत लागलेला एक विद्यार्थी अजूनही भेटला की म्हणतो, "सर, चहा पाजू का?" निवृत्त होण्याआधीची काही वर्षं मी मुख्याध्यापकही होतो. दहावीच्या निरोप समारंभात मी चाळीच्या दिवसांवर बोलायचो. माना पडण्याची गोष्ट, टरफलांची गोष्ट. मग थोडा हळवा आवाज काढून, "आमच्या एक देवरे बाई होत्या, फार छान शिकवायच्या, पण लग्न होऊन गेल्या."

हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की त्यातलं खोटं मला टोचेनासं झालं होतं. असं कसं होत असेल? खोटं बोलणाऱ्यालाच ते खरं वाटू लागण्याचा एक नेमका दिवस असतो का? मला तो आठवत नाही.

या वर्षी शाळेची स्मरणिका निघते आहे. सध्याच्या मुख्याध्यापिका शेख मॅडम माझ्याच विद्यार्थिनी. मी "चाळीतले दिवस" असा लेख लिहून दिला. त्यात ते लग्नाचं वाक्य होतंच. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"सर, लेख फारच गोड झालाय. पण देवरे बाईंचा फोटो मिळेल का? आपल्या शाळेतल्या पहिल्या शिक्षिका ना त्या. लग्नानंतर आडनाव काय झालं त्यांचं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"मी शोधते," त्या म्हणाल्या. ही मुलगी वर्गातही अशीच होती. उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही. सटाण्याकडच्या कुणाकुणाला विचारून आठवड्याभरात त्यांनी पत्ता काढला. बाई नाशिकलाच होत्या. सिडकोत, मुलीकडे. एवढी वर्षं मी ज्यांना दूर कुठेतरी पाठवून दिलं होतं, त्या माझ्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर राहत होत्या.

"मी जाऊन येतो," मी मॅडमना म्हणालो.

दार मुलीने उघडलं. तीही आता साठीला आलेली. "या. आई आत आहे. जरा जवळ बसा हं, फार हळू बोलते. पहिल्यापासूनच बारीक आवाज आहे तिचा."

मी दारातच थबकलो. पहिल्यापासूनच?

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पूर्वीसारख्याच काडी. मुलीकडे बघून त्यांनी ओठ हलवले. खरोखरच जवळ गेल्याशिवाय ऐकू येईना. "कोण शे वं?"

मी नाव सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं. चाळ म्हटल्यावर त्यांचे डोळे हलले.

"कोणत्या वर्गात होतास?"

"आठवीत, बाई. मी तुमच्या वर्गात नव्हतो."

"होतास की," त्या म्हणाल्या. "आठवी सगळीच माझ्या वर्गात होती."

मुलगी चहा टाकायला गेली. मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो. जसं आलं तसं बोललो. चाचणी, नापास होणं, वडील, हेडमास्तरांचा प्रश्न, माझं उत्तर. "बाई, तुमचं नाव मी घेतलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. आणि अडथळा काही नव्हता. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो."

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"कसं?"

"अरे, तुम्हाला माझं ऐकू येत होतं, तर मला तुमचं येत नसेल? तट्टाच होता तो." त्यांना थोडी धाप लागली. "मी फळ्यावर गोदावरी काढत होते. तू बोललास. मग मागून एक जण बोलला. मग पुष्कळ बोलले. माझी नववी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, वहीत काढा नदी."

आजवर मी समजत होतो की ही गोष्ट मला एकट्याला माहीत आहे. ती माझी अशी एक बंद खोली होती. आणि जिच्यापासून लपवायची, ती पहिल्या क्षणापासून पलीकडे उभी होती, हातात खडू घेऊन.

"मला राग नव्हता आला," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, आला होता. पण एक कोडं पडलं होतं. मी काही गमतीचं बोलले की तुम्ही हसायचात ना? मला ऐकू यायचं. मग त्रास कसला होत होता? मी पुष्कळ विचार केला. वाटलं, आपल्याला शिकवता येत नाही, नुसता आरडाओरडा येतो. मग कुठल्या शाळेत अर्जच केला नाही. कचेरीत टायपिस्ट झाले. तिथं बोलावं लागत नाही."

"बाई, तुम्हाला शिकवता येत होतं." माझा आवाज मलाच विचित्र वाटला. "मी जन्मभर भूगोल शिकवला, तो तुमचाच शिकवला. ढगाची पिशवी..."

"ती अजून सांगतोस?"

"माझी म्हणून सांगतो."

त्यावर त्या हसल्या. बिनआवाजाचं हसणं, खांदे हलवून. "मनमाडच्या चहासकट?"

"चहासकट."

मुलीने चहा आणला. मी स्मरणिकेबद्दल सांगितलं. लेखात काय लिहिलं आहे तेही वाचून दाखवलं. लग्नाच्या वाक्याशी बाईंनी हात वर केला.

"हे कोणी सांगितलं?"

"सगळे तसंच म्हणतात. मीही."

"माझं लग्न त्यानंतर किती वर्षांनी झालं. हिच्या वडिलांना तर मी शिकवत होते हे सांगितलंच नाही कधी." मुलगी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिलाही हे नवीन होतं. "आई, तू शिक्षिका होतीस?"

बाई मला म्हणाल्या, "ते खोड. काढली असं लिही. मोठ्यानं शिकवायची म्हणून काढली. लग्न करून गेली म्हणजे शिकवणं तिला एवढं नकोच होतं, असं होतं रे ते. मला हवं होतं." मग थोडं थांबून, "आणि माफीबिफी मला सांगत बसू नको. मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. मोठ्यानं सांग."

मी गावी येऊन लेख पुन्हा लिहिला. शेख मॅडमनी वाचला. सभागृहाला हेडमास्तरांचं नाव आहे, दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घातला जातो. "सर, कमिटीतले काही जण म्हणतील, कशाला जुनं उकरता? हेडमास्तरांच्या नावाला..."

"त्यांनी शाळा उभी केली तेही लिहिलंय," मी म्हणालो. "आणि तक्रार त्यांनी केली नव्हती. मी केली होती."

"छापते मी," त्या म्हणाल्या. "पण स्मरणिका कोण वाचतं सर? फोटो बघतात आणि ठेवून देतात. तुम्ही उद्या परिपाठाला या. मुलांना सांगा."

म्हणून परवा सकाळी मी शाळेच्या मैदानावर उभा राहिलो. दहावीची मुलं परीक्षा केंद्रावर गेलेली, बाकीचे वर्ग ओळीने बसलेले. ऊन अजून कोवळं होतं. माईक लावला होता, तरी मी मोठ्याने बोललो. चाळ सांगितली, तट्टे सांगितले. ढगाची पिशवी कुणाची ते सांगितलं. मी काय बोललो आणि त्याने काय झालं ते सांगितलं. बाई सिडकोत राहतात आणि त्यांचा आवाज आता खोलीच्या दारापर्यंतही जात नाही, हेही सांगितलं. मुलं चुळबुळ करत नव्हती. मागे एक-दोन शिक्षक जमिनीकडे बघत होते.

शेख मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं आहे?"

अशा वेळी सहसा कुणी काही विचारत नाही. पण नववीच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, बोटांना शाई.

"सर, तुम्ही इथं हेडसर होतात ना?"

"होतो."

"मग तेव्हा बाईंना बोलावलं का? एकदा तरी?"

"नाही."

"का?"

तिच्या आवाजात ठपका नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी केबिनमध्ये बसायचो, टेबलावर फोन असायचा, शिक्षकदिनाला जुन्या शिक्षकांना बोलवायची प्रथा मीच सुरू केली होती. कुणाकुणाला शोधून आणलं होतं. एवढ्या वर्षांत मी हा साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"मी भ्यालो," मी म्हणालो. "त्या आल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, तो मुलगा मीच."

मुलीने मान हलवली, पण खाली बसली नाही. भुवया आखडून तिने थोडा विचार केला.

"पण कळलं असतं तर काय झालं असतं, सर?"

मैदानावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी माईक तोंडापासून दूर धरला, मग पुन्हा जवळ आणला.

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच झालं नसतं."